हुंकारा कुणाचा?

१

दुपारची जेवणं उरकून नवरा, व्यंकट, दुकानाकडे गेला, की सत्यशीला समोरच्या खोलीतला पंखा बंद करायची. लातूरच्या मे महिन्यात भर दुपारी पंखा बंद करणाऱ्या बाईला एक तर वेड लागलेलं असतं, नाही तर तिला मोबाइलवर लाइव्ह जायचं असतं. तिच्या सासूचं, रुक्मिणबाईंचं, मत असं की ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

"पंख्याचा आवाज येतो, आत्याबाई," सत्यशीला म्हणायची.

"येऊ दे की. हितं माझा जीव जायलाय, त्याचा आवाज न्हाई येत व्हय तुज्या मोबाइलात?" असं म्हणून म्हातारी आतल्या खोलीत टीव्हीपुढे जाऊन पडायची.

हे सगळं सुरू झालं ते एका फोनमुळे. सत्यशीलेनं कादंबरी लिहिली होती. संसार सांभाळून, कुणी वाहवा म्हणण्याची वाट न बघता, सहा वर्षं लिहिली होती. पुण्याच्या प्रकाशकानं ती वाचली आणि साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाला, "लेखन उत्तमच आहे, मॅडम. तुमचे फॉलोअर्स किती आहेत?" तिनं खरं ते सांगितलं. शंभराच्या आसपास, त्यात निम्मे नात्यातले आणि उरलेले विमा विकणारे. "मग आधी वाचक जमवा, पुस्तक काय, लगेच काढू," तो म्हणाला. पूर्वी पुस्तक निघायचं आणि मग वाचक जमायचे. आता वरात आधी काढायची आणि नवरदेव मागून शोधायचा, असा रिवाज झालाय.

कादंबरी होती पार्वतीची. पार्वती म्हणजे रुक्मिणबाईंची धाकटी जाऊ. देवणीजवळच्या त्यांच्या गावात ती एका संध्याकाळी आडावर पाण्याला गेली आणि परत आली नाही. आड उपसला, काही मिळालं नाही. तरी दोघी जावांच्या सासऱ्यांनी, आप्पासाहेबांनी, ओसरीवर बसून सांगितलं, "आडात गेली." झालं. दहावा उरकला, घरात तिचं नाव बंद झालं. आप्पासाहेब जाऊनही जमाना लोटला, पण त्यांचा शब्द अजून जागेवर होता. सत्यशीला लग्न होऊन आली तेव्हा तिला ही हकिकत कानात सांगितली गेली, आणि तेव्हापासून ती तिच्या डोक्यात भुणभुणत राहिली. कादंबरीत तिनं नाव बदललं नाही. एकदा नाहीशी केलेली बाई आपण पुन्हा नाहीशी करायची नाही, एवढं तिचं ठरलेलं होतं. आणि कादंबरीतली पार्वती आडात जात नव्हती. कळशी काठावर ठेवून ती सडकेला लागत होती. त्या शेवटासाठीच तर एवढा खटाटोप.

२

वाचक कसे जमवायचे हे शिकवायला नांदेडहून तनुजा आली. ही व्यंकटच्या बहिणीची मुलगी. साडीचं दुकान, दाताचा डॉक्टर, दोन कोचिंग क्लास, अशा सगळ्यांची पानं ती मोबाइलवर चालवते आणि त्यावर तिचं चांगलं चाललंय. बोलायला फटकळ, कामाला चोख.

"मामी, पैली गोष्ट. 'माझं पुस्तक घ्या' असं चुकून बी म्हणायचं न्हाई. लोक पळतेत. दुसरी, रोज एकाच टायमाला यायचं. दुधवाल्यासारखं. लोकांना सवय लागाय पाहिजे. तिसरी, आपल्या भाषेत बोलायचं. पुण्याची मराठी पुण्यात लई पडलीय. कमेंटला उत्तर द्यायचं, नाव घेऊन द्यायचं."

सत्यशीला मान डोलावत होती. तनुजानं खोलीची पाहणी केली, भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं आणि आतल्या दारावर रुक्मिणबाईंचं जुनं इरकल लुगडं पडद्यासारखं लावलं. "बॅकग्राउंड. कसं भारी दिसायलंय बघा." त्या पडद्यापुढे खुर्ची, खुर्चीसमोर तिकाटण्यावर मोबाइल.

"आन् सगळ्यात मोठी गोष्ट," तनुजा म्हणाली, "गोष्ट संपवायची न्हाई. रोज अर्ध्यात तोडायची. ती आडापाशी पोचली, कळशी ठेवली, बस्स. मोबाइल बंद. माणूस तडफडला पाहिजे, तवा उद्या येतो."

रुक्मिणबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"अर्धी गोष्ट टाकू न्हाई, पोरी."

"कामून, आजी?"

"हुंकारा देणारा उठत न्हाई मग. बसून ऱ्हातो."

तनुजा हसली. "आजी, तेच तर पाहिजे आपल्याला. बसून ऱ्हायला पाहिजेत सगळे."

आता हुंकारा म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं, कारण शहरात गोष्ट ऐकणारा मख्खासारखा बसतो. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्यासमोर एक जण बसतो आणि प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणतो. हूं आला की गोष्ट पुढे सरकते. हूं नसेल तर सांगणारा थांबतो, "झोपला का रे?" म्हणतो. मालकी सांगणाऱ्याची खरी, पण चावी हुंकारा देणाऱ्याच्या हातात.

३

पहिले काही दिवस पाच-सात माणसं यायची. सत्यशीला पार्वतीची गोष्ट सांगायची, निलंग्याच्या बाजारातून आणलेल्या बांगड्या, जावाजावांची भांडणं, चुलीवरचं दूध उतू जाणं. घाम पुसत सांगायची आणि अर्ध्यात तोडायची. मग एके दिवशी भोकरच्या कुणी सुदर्शननं लिहिलं, "ताई, मागून हूं म्हणणाऱ्या आज्जींना नमस्कार. लई गोड वाटतं."

तिनं रेकॉर्डिंग ऐकलं. खरंच होतं. ती वाक्य संपवून श्वास घ्यायची, तेवढ्या फटीत एक 'हूं' यायचा. घशातून, तोंड न उघडता. बाईचा की बाप्याचा ते कळू नये असा, थोडा खरखरीत.

सत्यशीलेच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवीस वर्षं ह्या घरात ती लिहीत होती, आणि कुणी तिच्या एका ओळीला हूं म्हटलं नव्हतं. नवरा चांगला, पण त्याला बियाणं आणि खत सोडून काही कळत नाही. सासू तर टोमण्याशिवाय बोलत नाही. आणि ती म्हातारी पडद्यामागे उभी राहून रोज ऐकते, लाजून समोर येत नाही! त्या संध्याकाळी सत्यशीलेनं सासूच्या चहात वेलदोडा घातला. म्हातारीनं एक घोट घेतला आणि विचारलं, "आज काय हाय? सण हाय का कुणी मेलं?"

सत्यशीला नुसती हसली. लाजणाऱ्याला उघडं पाडू नये.

पुढच्या आठवड्यात रुक्मिणबाई लेकीकडे नांदेडला गेल्या. सत्यशीलेनं त्यांना बसमध्ये बसवून दिलं, घरी येऊन पंखा बंद केला आणि खुर्चीत बसली. गोष्ट रंगात आली होती. पार्वतीचा नवरा परगावी गेलेला, सासरा ओसरीवर बसलेला, आणि पार्वती भिंतीला धरून चाललेली. "त्या घरात पायांचा आवाज करायची बंदी होती," सत्यशीला म्हणाली.

"हूं."

ती पुढचं वाक्य बोलून गेली. त्याच्या पुढचंही बोलली. मग तिच्या लक्षात आलं की घरात आपण एकटीच आहोत.

तिनं गोष्ट तोडली, हात जोडले, मोबाइल बंद केला. उठून पडदा बाजूला सारला. आतली खोली रिकामी होती. टीव्ही बंद, पलंगावर म्हातारीची घडी केलेली गोधडी. फक्त तिथली हवा बसलेली होती, बराच वेळ माणूस एका जागी बसून गेल्यावर असते तशी.

४

सत्यशीला भित्री नव्हती. विज्ञान घेऊन बारावी झालेली बाई, तिनं कारण शोधायला सुरुवात केली. शेजाऱ्यांची पाण्याची मोटर असेल. मोबाइलचाच काही दोष असेल, आपला श्वास त्याला हूं वाटत असेल. किंवा आपणच म्हणत असू, लहानपणापासूनची सवय. तिनं रेकॉर्डिंग डोळ्यांजवळ धरून पुन्हा पुन्हा बघितलं. हूं येताना तिचे ओठ मिटलेले होते आणि गळा हलत नव्हता.

तनुजाला तिनं फोनवर सांगितलं. तनुजानं ते रेकॉर्डिंग मागवून घेतलं, आवाज साफ करणाऱ्या ॲपमध्ये घातलं आणि तासाभरानं फोन केला. "मामी, गंमतच हाय. कुकरची शिट्टी गेली, रस्त्यावरचा भंगारवाला गेला, तुमचा आवाज बी बारीक झाला. हूं तेवढा ऱ्हायला."

"मग?"

"मग काय! मामी, आकडे बघितले का तुम्ही? वीस हजार झाले. लोक त्या हूंसाठीच यायलेत. कमेंटमध्ये निस्तं 'हूं हूं' लिवायलेत. असं पैसे देऊन बी होत न्हाई. कोन म्हणतंय ते इचारूच नका."

खोटं कशाला बोला, सत्यशीलेलाही गुदगुल्या झाल्या. ज्या बाईचं नाव गल्लीत कुणाला माहीत नव्हतं, तिला भाजीवाला "हूंवाल्या मॅडम" म्हणून ओळखू लागला. ती रोज बसत राहिली आणि रोज अर्ध्यात तोडत राहिली. पाठीला पडद्याकडून गार लागायचं, आणि लातूरच्या मे महिन्यात गार लागणं ही तक्रार करण्याची गोष्ट नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

मग एके दिवशी कमेंट आली. उदगीरचा अमरेश म्हणून एक शिक्षक होता, रोज यायचा. त्यानं लिहिलं, "मॅडम, एक विचारू? मी कानात हेडफोन घालून ऐकतो. तुमचा आवाज हेडफोनमधून येतो. हूं माझ्या मागून येतो."

ती उत्तर लिहीत होती तेवढ्यात खाली दुसरी आली, "आमच्याकडे माजघरातून येतो." तिसरी, "मला वाटलं आमचेच बाबा म्हणतात. बाबा शेतात होते." आणि भोकरच्या सुदर्शननं लिहिलं की त्याची आई मोबाइल बंद झाल्यावरही हूं ऐकते, आणि कालपासून ती दुपारच्या चहाला एक कप जास्त ठेवते. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणते, बसलेत की.

५

रुक्मिणबाई नांदेडहून परत आल्या त्या दुपारी सत्यशीला लाइव्ह होती. गोष्ट आडापाशी येऊन ठेपली होती. सत्यशीलेनं ठरवलं होतं की आता बस्स, शेवटाकडे न्यायची.

"पार्वती आडाच्या काठावर उभी राहिली," ती म्हणाली.

"हूं."

"आत वाकून तिनं पाणी बघितलं."

"हूं." ह्या वेळी लगेच, जवळून.

"आणि ती मागे वळली."

काहीच आलं नाही. सत्यशीला थांबली. पुन्हा म्हणाली, "ती मागे वळली." कमेंटही थांबल्या. मग एकेक येऊ लागली, "हूं का आला नाही?" "मागे का वळली?" "आडात गेली पाहिजे ताई, तर रडायला येईल." "वळली तर मजा नाही."

तिनं घाईनं गोष्ट तोडली. वळून बघते तो रुक्मिणबाई चपला हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या. कितीतरी वेळ उभ्या असाव्यात.

"कोन हाय आत?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, आत्याबाई."

"हूं कोन म्हणलं?"

सत्यशीलेनं मोबाइल त्यांच्या हातात दिला, आदल्या दिवसाचं ऐकवलं. म्हातारीनं एकच हूं ऐकला. नंतर मोबाइल पालथा घालून ठेवला आणि आपल्या लुगड्यालाच हात पुसले. "संपव गोष्ट."

"कुणाचा आवाज आहे?"

"ते इचारू नको. संपव म्हणलं ना."

"संपवतेच आहे. पण तिला मी आडात घालणार नाही."

"घाल," रुक्मिणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक सत्यशीलेनं कधी ऐकला नव्हता. "सगळ्यांनी घातलीय, तू बी घाल. आडात गेली म्हण आन् मोकळी हो. तो उठून जाईल."

"तो कोण?"

म्हातारी आत गेली. टीव्ही लागला नाही.

संध्याकाळी प्रकाशकाचा फोन आला. आता आवाजात दुप्पट साखर. पुस्तक लगेच काढू, मोठा समारंभ करू, पण शेवट तेवढा बदलू. वाचकांचा कौल स्पष्ट आहे. पार्वती आडात गेली तर पुस्तक घराघरांत जाईल. घराघरांत, हे ऐकून सत्यशीलेला घराघरांत बसलेला तो हूं आठवला. मग राग वर आला. सासरा म्हणतो आडात गेली. सासू म्हणते आडात घाल. प्रकाशक म्हणतो आडात घाला. वीस हजार माणसं म्हणतात ढकला, आम्हाला रडायचंय. आणि पडद्यामागे जे काही बसलंय तेही तेच म्हणतंय. एका बाईला आडात घालायला केवढी ही गर्दी!

"पुस्तक राहू द्या," ती म्हणाली. "पार्वती माझी आहे." आणि फोन ठेवला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजा नांदेडहून न सांगता आली. नेहमी कानातलं-गळ्यातलं जुळवून येणारी पोरगी, केस विंचरले नव्हते. आल्या आल्या तिनं सगळ्या खोल्यांचे दरवाजे उघडे टाकले.

"मामी, पान बंद करू. सगळं काढून टाकू. आजच्या आज."

"काय झालं?"

"माझ्या फ्लॅटवर हाय ते." ती पलंगाच्या कडेला बसली. "काल मी क्लासवाल्यांशी बोलून ऱ्हायले होते फोनवर. त्याईला म्हणले, पोरींचे फोटो टाकू नका. तर माझ्या स्वयंपाकघरातनं हूं आला न्हाई. म्हणजे मी वाट बघितली, मामी. मी थांबले, तो हूं म्हणतोय का बघाय. आन् मग म्हणले, बरं टाका. तवा आला."

सत्यशीलेनं तिला पाणी दिलं. तनुजानं मोबाइलवर सगळं काढून टाकलं, एकेक व्हिडिओ, शेवटी पानसुद्धा. इतक्या दिवसांची मेहनत पाच मिनिटांत पुसली गेली, आणि दोघींना हायसं वाटलं. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं होतं.

पण दुपारी, नेहमीच्या वेळेला, व्हॉट्सॲपवर अमरेश सरांचा निरोप आला. "मॅडम, पान दिसत नाही. पण आत्ता आमच्या आतल्या खोलीतून हूं येतोय. कुणी काही सांगत नाहीये तरी येतोय. आमची मुलगी घाबरून बोलायची बंद झालीय. काही करा." त्यामागून सुदर्शनचा, आणखी कुणाकुणाचे.

रुक्मिणबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना वाचून दाखवावं लागलं नाही, दोघींची तोंडं बघून त्यांना कळलं.

"सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "अर्धी टाकली की बसून ऱ्हातो."

"म्हणजे संपवावीच लागेल," तनुजा म्हणाली. "मामी, पाया पडते. घाला तिला आडात. कादंबरीत पायजे ते करा, हितं तेवढं घाला. एका वाक्याचं काम हाय."

एका वाक्याचंच काम होतं, हे खरं. सत्यशीलेनं ते वाक्य मनात म्हणून बघितलं. म्हणताक्षणी आतून, अगदी पडद्यापासून, मायेनं पाठ थोपटावी तसा हूं आला. तिनं तोंडही उघडलं नव्हतं.

तिचं डोकं फिरलं. आयुष्यभर तिनं ह्या एका हूंची वाट बघितली होती, आणि तो असल्या वाक्यावर येत होता.

"चालू कर मोबाइल," ती तनुजाला म्हणाली. "नवीन पान काढ. ह्या सगळ्यांना बोलाव."

७

खुर्चीत बसली तेव्हा समोर छोट्या पडद्यावर तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, मागे लुगडं, लुगड्याखाली वीतभर फरशी. माणसं भराभर येत होती. तनुजा रस्त्याकडच्या दारात उभी राहिली, तिला आत यायचं धाडस होईना. आणि रुक्मिणबाई सत्यशीलेच्या समोर, मोबाइलच्या मागे, जमिनीवर येऊन बसल्या. कशाला म्हणून कुणी विचारलं नाही.

"पार्वती आडाच्या काठावर उभी राहिली," सत्यशीलेनं सुरुवात केली.

"हूं." जवळ, कानाच्या मागे.

"तिनं आत पाणी बघितलं. त्यात तिला आपलं तोंड दिसलं."

"हूं."

"आणि ती म्हणाली, हे तोंड पाण्यात घालायला माझ्या आईनं मला वाढवलं नाही. तिनं कळशी ठेवली आणि सडकेला लागली."

शांतता. हूं नसला की गोष्ट सांगणाऱ्याला पुढचं सुचत नाही, हे तिला आता कळत होतं. शब्द तोंडात येऊन माघारी फिरत होते. ती एकेक शब्द ओढून बाहेर काढत होती. "अंधार... अंधार पडायला आला होता. मागून कुणीतरी हाक मारली. ती थांबली नाही. तिच्या पायाला काटा लागला. ती थांबली नाही. फाट्यावर एसटी उभी होती."

कमेंटमध्ये अमरेश सरांनी लिहिलं, "मॅडम, आमच्याकडचा उठला."

त्याखाली, "आमच्या बी घरातून गेला."

"इथनं पण उठला."

"आई म्हणती गेले, चहा न घेता."

ओळीमागून ओळी. सत्यशीलेच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती हसणारच होती. तेवढ्यात तिला वाटलं, इतक्या घरांतून उठले, ते कुठे जाणार?

पंखा बंद होता. लुगड्याचा पडदा मधोमध फुगला, मागून कुणी तळहात टेकवून उभं राहावं तसा. पडद्याखालच्या फरशीवर दोन अंगठे दिसत होते. म्हाताऱ्या पुरुषाचे, भेगाळलेले, एकाचं नख काळं. ती मोबाइलकडे बघत राहिली. मान वळवायची तिची छाती झाली नाही.

तिनं नजर उचलली ती समोर, सासूकडे. रुक्मिणबाई तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होत्या. मुलाच्या घरात, पोरीसुनांत त्यांचा पदर नेहमी खांद्यावर असायचा. सत्यशीलेच्या देखत त्या अर्धवट उठल्या, दोन्ही हातांनी पदर डोक्यावरून कपाळाखाली ओढला आणि अंग चोरून भिंतीला लागल्या. गावाकडे सासरा दारात आला की सुना करतात तसं. ह्या घरात त्यांनी ज्याच्यापुढे पदर घ्यावा असं माणूस आता जिवंत नव्हतं.

तनुजा दारातून रडत काहीतरी सांगत होती, बहुतेक आडाचंच वाक्य. सत्यशीलेनं दातओठ खाऊन म्हटलं, "पार्वती... एसटीत चढली."

आणि कुणीच काही म्हणालं नाही. गोष्ट तिथंच लोंबकळत राहिली.

मग भिंतीला लागलेल्या म्हातारीचा हात हलला. सावकाश, जणू पाण्यानं भरलेली कळशी असावी तसा, रुक्मिणबाईंनी पदर कपाळावरून मागे सारला. डोक्यावरून खाली, मानेवरून खाली, खांद्यावर टाकला. उघड्या चेहऱ्यानं त्या पडद्याकडे बघत होत्या.

"हूं," त्या म्हणाल्या.

खोलीभर ऐकू गेला तो हूं. मग त्या पुन्हा मांडी घालून बसल्या, मघाच्याच जागी, मोबाइलच्या मागे.

"एसटी न्हवती ती," त्या म्हणाल्या. बोलत सत्यशीलेशी होत्या, नजर तिच्या मागे. "उसाचा ट्रक व्हता. म्याच चढवून दिलं तिला. आडात गेली म्हणून सगळ्याच्या आधी वरडले ती बी मीच. कुठं उतरली ते मला ठावं हाय. आन् सांगनार न्हाई. तवा सांगितलं न्हाई, आता बी सांगनार न्हाई."

पडद्याची कड हलली. दोन्ही अंगठे लुगड्याच्या काठाच्या अलीकडे आले, मागोमाग पावलं. सत्यशीलेच्या मानेवर गार श्वास लागला.

"तिकडं बघू नको," रुक्मिणबाई म्हणाल्या. "माझ्याकडं बघून सांग. उसाचा ट्रक निघाला. हूं?"

सत्यशीलेनं सासूच्या तोंडाकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली.